ते वाढीव चार इंच

ब्रा घ्यायला गेलेली बाई काउंटरवर बहुतेकदा एक आकडा सांगते. चौतीस, छत्तीस, अडतीस. तोही हळू आवाजात. समोरचा माणूस फळीवरून तीन-चार खोकी उतरवतो, रंग विचारतो आणि खरेदी आटोपते. आकडा कुठून आला, त्याच्यापुढचं अक्षर कुठे गेलं, हे विचारायला तिथे ना सवड असते ना आडोसा. कॉलेजात असताना ठरलेला आकडा दोन बाळंतपणांनंतरही तसाच चालू राहतो. पट्टा पाठीवर चढतो, खांद्यांवर वळ उठतात, काखेजवळ कड रुतते, आणि भरदार छातीची बाई दोष स्वतःच्या अंगाला देऊन मोकळी होते. दोष अंगाचा नाही, मापाच्या पद्धतीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. पण त्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, म्हणून इथे दोघींना बोलतं केलं आहे. एक मावशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दुसरी तिची भाची, तयार कपड्यांचे पॅटर्न काढणारी. दोघी कल्पित आहेत. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकते; मावशीला मात्र मी सोपे प्रश्न दिलेले नाहीत.

मावशी: अगं, ज्याचा निकाल दोन ओळींत लागतो त्यावर तुम्ही मुली तासन्‌तास बोलता. टेप घ्यायची, छातीच्या खाली एकदा गुंडाळायची, भरल्या जागी एकदा गुंडाळायची. खालच्या मापात चार इंच मिळवायचे, विषम आकडा असेल तर पाच. झाला पट्ट्याचा आकडा. वरच्या मापातून तो वजा करायचा. एक उरला तर ए, दोन उरले तर बी, तीन सी, चार डी. कितीतरी तक्त्यांत हेच छापलेलं असतं. चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित आहे. ते चुकतं म्हणतेस, तर कोणत्या पायरीला चुकतं ते फळ्यावर दाखव.

भाची: फळ्यावरच दाखवते, मावशी. एक बाई घेऊ. छातीखाली ३० इंच, भरल्या जागी ३८. तुझ्या रीतीने ३० अधिक ४, पट्टा ३४. अडतिसातून चौतीस गेले, उरले ४. माप आलं ३४ डी. आता काही न मिळवता करू. पट्टा ३०, फरक ८. ब्रिटिश पद्धतीत अक्षरं इंचाइंचाने चढतात: ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ, एफएफ. आठवं एफएफ. म्हणजे एकाच बाईची दोन मापं, ३४ डी आणि ३० एफएफ. तू म्हणशील, नावं दोन, वस्तू एकच असेल. नाही. कटोरीत मावणारं आकारमान एकट्या अक्षरावर ठरत नाही, पट्टा आणि अक्षर मिळून ठरतं. पट्टा दोन इंचांनी म्हणजे एका पायरीने वाढवला, तर कटोरी तेवढीच ठेवायला अक्षर एक पायरी उतरवावं लागतं. ३० एफएफ, ३२ एफ, ३४ ई, या तिघींची कटोरी सारखी असते. बनवणारे तिघींना वायरही एकाच मापाची घालतात. आता तुझं गणित कुठे फसलं ते बघ. पट्ट्यात चार इंच मिळवले म्हणजे पट्टा दोन पायऱ्या वर गेला. अक्षर दोनच पायऱ्या खाली यायला हवं होतं, एफएफवरून ई. पण तेच चार इंच तू फरकातूनही वजा केलेस, म्हणून अक्षर चार पायऱ्या घसरलं, एफएफवरून डीवर. त्या बाईच्या हाती आलेली ब्रा घेराला चार इंच सैल आणि कटोरीला दोन मापं लहान. खाली सैल, वर घट्ट. आणि ही चूक योगायोगाची नाही, दर वेळी याच दिशेने होते. हलक्या छातीच्या बाईच्या बाबतीतही होते, पण तिथे पेलायला भार नसतो, म्हणून खपून जाते.

मावशी: गणित कबूल. पण तू एक गृहीत धरलंस, की पाकिटावर ३४ लिहिलं म्हणजे आतला पट्टा चौतीस इंची अंगासाठीच शिवला आहे. कारखानदार काही खुळा नाही. चार मिळवायला सांगणारा तक्ता त्यानेच छापला आहे. त्याची ३४ मुळातच तीस इंची बरगड्यांसाठी बेतलेली असेल तर? मग त्याचं गणित त्याच्या घरात बरोबरच आहे, आणि तुझी ३० त्याच्याकडे मागितली तर पोरीबाळींचा पट्टा हातात पडेल.

भाची: हा तुझा सगळ्यात चांगला आक्षेप आहे, आणि तो माझ्या बाजूचा आहे. काही ठिकाणी अगदी तसंच असतं. एका कंपनीची ३४ ताणली तर ३४ च्या पुढे जात नाही, दुसरीची ३८ पर्यंत जाते. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा टेपच्या शेजारी पट्टा पूर्ण ताणून किती भरतो, हे जास्त खरं. आणि ही गडबड फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमधली ३४ म्हणजे युरोपातली ७५, कारण तिथे छातीखालचं माप सेंटिमीटरमध्ये धरतात. फ्रान्समध्ये त्यात पंधरा मिळवून तीच ९० होते. ऑस्ट्रेलियात तीच १२. युरोपीय मानकात अक्षर दोन सेंटिमीटरला बदलतं, ब्रिटनमध्ये इंचाला, म्हणजे अडीच सेंटिमीटरला; वर वर जाऊ लागलं की दोन्हींची गाठ सुटते. अमेरिकेत डीडीनंतर कोणी डीडीडी लिहितं, कोणी एफ, कोणी ई. ब्रिटिश रांगेत एफनंतर एफएफ, मग जी, जीजी, एच, एचएच, आणि आय गाळून थेट जे. मग बाईचं खरं माप कोणतं? कोणतंच नाही, मावशी. उंची माझ्या अंगाची असते, रक्तदाब माझ्या अंगाचा असतो. ३४ डी ही माझ्या अंगाची गोष्ट नाही, ती त्या एका कंपनीच्या त्या एका पॅटर्नची गोष्ट आहे. टेपने शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. निकाल अंगावर चढवल्यावरच लागतो.

मावशीला इथे थांबवून थोडा इतिहास सांगायला हवा, कारण ही पद्धत कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिला १९१४ साली ‘बॅकलेस ब्रेसिअर’चं अमेरिकन पेटंट मिळालं, पुढे तिने ते वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट कंपनीला विकलं. त्या वस्तूला माप असं फारसं नव्हतंच, रुमालांपासून सुचलेली ती कल्पना छातीला आवळून सपाट ठेवण्यापुरती होती. अक्षरं आली १९३२ च्या सुमारास. मिशिगनमधली कॅम्प ही कंपनी वैद्यकीय कारणांसाठी लागणारे आधारपट्टे बनवायची. तिने स्तनांचा आकार आणि त्यांचं ओघळणं दाखवायला ए ते डी अशी चार अक्षरं वापरली. १९३७ पासून वॉर्नरने ती आपल्या मालावर घातली. म्हणजे सगळ्या बायकांना चार खणांत बसवण्याची सवय तेव्हाची. वाढीव चार इंचांबद्दल एक स्पष्टीकरण दिलं जातं की कापड ताणलं न जाण्याच्या काळात श्वासाला जागा म्हणून ते होते. ते पूर्ण पटो न पटो, १९५८ साली ड्यूपॉन्टच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला, पट्टे ताणले जाऊ लागले आणि श्वासासाठी वेगळी बेरीज करण्याची गरज संपली. बेरीज तक्त्यांत उरली. ती उरण्यात विकणाऱ्याची सोय आहे हे उघड आहे: फरकातून चार इंच गेले की पुष्कळ बायका पुन्हा त्या जुन्या चार खणांत मावल्यासारख्या दिसतात.

मावशी: इथे मला तुमच्या लोकांचा संशय येतो. ‘शंभरातल्या ऐंशी बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात’ हे वाक्य मी जाहिरातीत वाचलंय, आणि ते छापणाऱ्याला ब्राच विकायची होती. चुकीची म्हणजे काय, ते ठरवलं कोणी? ज्या बाईला काही टोचत नाही, रुतत नाही, तिला जाऊन ‘तुझं चुकलंय’ सांगणं हा धंदा झाला. आणि पाठदुखीचं भय घालून विकणं तर त्याहून वाईट.

भाची: जाहिरातीतलं वाक्य सोड. अभ्यास बघू, त्यांची उणीवही बघू. ऐंशी टक्क्यांचा एक आकडा ऑस्ट्रेलियातल्या २००८ सालच्या पाहणीत आहे, पण त्यात तरुणी होत्या फक्त ३०. त्यांतल्या ७० टक्क्यांची ब्रा लहान होती, १० टक्क्यांची मोठी. तिथल्याच वुलनगाँग विद्यापीठाच्या मॅगी आणि स्टील यांनी २०१० मध्ये १०४ जणींची तपासणी केली. ८५ टक्के ब्रा नीट बसत नव्हत्या. लहान पाहण्या आहेत, तिकडच्या आहेत, त्यांवरून साताऱ्याच्या बाईबद्दल टक्केवारी सांगायला मी जाणार नाही. पण टक्केवारीपेक्षा मला चुकीची दिशा महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये पोर्ट्‌समथ विद्यापीठात व्हाइट आणि स्कर यांनी २०१२ मध्ये ४५ जणींना आधी जुन्या टेपच्या रीतीने माप दिलं, मग अंगावर बसते की नाही हे पाहून दिलं. टेपने ७६ टक्के वेळा पट्टा मोठा सांगितला आणि ८४ टक्के वेळा कटोरी लहान. फळ्यावर आपल्याला जे दिसलं, त्याच दिशेने. शिवाय त्या तीस तरुणींत छाती जितकी मोठी तितकं माप जास्त चुकलेलं होतं. सगळ्यांचं सारखं चुकत असतं तर मी गप्प बसले असते. ज्यांना आधार सगळ्यात जास्त हवा त्यांचंच सगळ्यात जास्त चुकतं, हा पद्धतीचा दोष नाही तर काय? आणि पाठदुखीचं म्हणशील, तर त्या तीस जणींच्याच अभ्यासात दुखण्याचा संबंध छातीच्या आकाराशीही जवळजवळ सापडला नाही आणि ब्रा बसण्या-न बसण्याशीही नाही. ‘पाठ बरी होईल’ असं मी कुणालाच सांगणार नाही. खांद्यावरचे वळ जातील, काखेतली कड टोचायची थांबेल, धावताना हाताने छाती धरावी लागणार नाही, एवढं सांगेन.

या मुद्द्यावर दोघींपेक्षा मला जरा कडक बोलायचं आहे. ब्राच्या नावावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ काही खपवलं जातं. घट्ट ब्रा किंवा वायर यांनी कर्करोग होतो ही भीती १९९५ च्या एका पुस्तकाने पसरवली. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने कर्करोग झालेल्या १,०४४ आणि न झालेल्या ४६९ स्त्रियांची तुलना केली, तेव्हा वायर, कपचं माप, दिवसातले तास, यांपैकी कशाचाही संबंध दिसला नाही. उलट बाजूला, ब्रा घातली नाही तर छाती ओघळते हेही तितकंच कच्चं आहे. केंटकी विद्यापीठातल्या २००८ च्या अभ्यासात ओघळण्याशी जोडलेली कारणं निघाली ती वय, वजन, किती वेळा गरोदरपण आलं, आधीचा आकार आणि धूम्रपान. अंगावर पाजणं त्यात नव्हतं, ही गोष्ट आपल्याकडच्या काही सासवांना कळवण्यासारखी आहे. ब्रा घालायचीच नाही असं कुणी ठरवलं तर त्यावर माझा काही युक्तिवाद नाही. घालायचीच असेल तर तिने आपलं काम करावं, एवढाच इथला वाद आहे.

मावशी: बरं. आकड्यावर विश्वास नको, जाहिरातीवर नको, भीतीवर नको. मग बाईने ठरवायचं कशावरून? आमच्या पिढीला चोळी शिवणारी बाई नुसत्या नजरेने माप ओळखायची. टेपचा आकडा तिला लागत नव्हता, अक्षर तर नव्हतंच.

भाची: तिला अक्षर लागत नव्हतं, कारण ती एका अंगासाठी शिवत होती आणि बसली नाही तर उसवत होती. तिची विद्या टाकाऊ नाही, मी तिथूनच सुरुवात करते. कटोरी ब्लाऊज आठव. सपाट कापडाला खोली द्यायची तर टक्स घ्यावे लागतात किंवा तुकडे जोडावे लागतात. तुकडे जास्त, तितकी खोली नीट देता येते. ब्राचंही तेच. फोमच्या साच्यात दाबून काढलेला गुळगुळीत कप दिसायला छान, पण त्याची खोली साच्याएवढीच, आणि प्रत्येक बाईचा आकार त्या साच्याचा नसतो. भरदार छातीला तीन-चार तुकड्यांची, शिवणीची, न ताणणाऱ्या कापडाची कटोरी बहुधा जास्त धरून ठेवते. काखेच्या बाजूला आतून एक उभा तुकडा असेल तर तो छातीला पुढे आणतो. आता अंगावर काय बघायचं ते सांगते, आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी पट्टा. बहुतेक भार पट्ट्याने उचलायचा असतो, खांद्याच्या बंदांनी नाही. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर लावून घट्टसर बसली पाहिजे, कारण पुढे पट्टा ढिला होतो तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात. पाठीवर पट्टा जमिनीला समांतर राहायला हवा. वर चढत असेल तर तो सैल आहे. बंद आवळून तो खाली येत नाही, उलट आणखी वर खेचला जातो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. वळ उठलेल्या खांद्यांची तक्रार म्हणून पुष्कळदा मुळात पाठीच्या पट्ट्याची तक्रार असते. मग पुढे वाकायचं, काखेकडे गेलेला भाग हाताने कटोरीत ओढून घ्यायचा आणि मग आरशात बघायचं. हे न करता बघितलं तर लहान कपसुद्धा पुरेसा वाटतो. दोन कटोऱ्यांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. वायर स्तनाच्या मुळाशी बसली पाहिजे, मांसावर चढलेली नको. तिचं टोक काखेच्या दिशेला असावं, स्तनावर टेकलेलं नसावं. वरच्या कडेवर दुसरी घडी पडत असेल तर कप लहान.

भाची पुढे म्हणते: आणि एक फसवी खूण सांगते, कारण तिथेच सगळ्या जणी चुकतात. कपच्या वरच्या कडेला पोकळी दिसली की बाई म्हणते, मोठा झाला, आणि खालचं अक्षर मागते. कधी तसं असतंही. पण मधला भाग हाडावरून उचललेला असेल, वायर खाली सरकलेली असेल, आणि तरीही वर पोकळी असेल, तर कप लहान असतो. छाती तळापर्यंत उतरलेलीच नसते, तोंडाशी अडकलेली असते, म्हणून वरची कड बाहेर उभी राहते. अशा बाईने अक्षर उतरवलं की त्रास वाढतो, मग ती पट्टा वाढवते, मग पाठीवर चढतो. टेपचं म्हणशील तर ती टाकून देऊ नकोस, फक्त नीट वापर. छातीखाली श्वास सोडून घट्ट धर, त्यात काही मिळवू नकोस. भरल्या जागचं माप उभं राहून घे आणि कमरेतून पुढे वाकूनही घे. मऊ, ओघळलेल्या छातीत या दोहोंत बराच फरक येतो, आणि खरं माप बहुधा त्यांच्या दरम्यान असतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत माप थोडं वाढतं, म्हणून तेव्हा घेतलेल्या मापावर वर्षभराची खरेदी करू नये. अंगावर पाजण्याच्या महिन्यांत तर कुठल्याच आकड्याला फार मान देऊ नये.

मावशी: घट्ट पट्टा, घट्ट पट्टा. नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या लोकलमध्ये बरगड्यांभोवती घट्ट पट्टा घालून बघ. आपल्या बायका सैल पट्टा घेतात तो अडाणीपणाने नाही, घामाने घेतात.

भाची: हे खरं आहे, आणि तिकडच्या पुस्तकांत हा मुद्दा येत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या कर. घट्ट म्हणजे आवळलेला नव्हे. दोन बोटं आत जावीत, हात वर केल्यावर पट्टा हलू नये, श्वास पूर्ण घेता यावा. पुष्कळदा पट्टा काचतो असं वाटतं तेव्हा कटोरी लहान असते. छातीला आत जागा नाही म्हणून ती पट्ट्यातली लांबी खाऊन टाकते. तीच ब्रा उलटी, म्हणजे कटोऱ्या पाठीकडे करून, नुसता पट्टा हुकवून बघायचा. तेव्हा सैल वाटला, तर दोष पट्ट्याचा नाही. दुसरं, घामाचं. मोठ्या छातीखाली घामोळं, पुरळ, ओली जळजळ होते ती कातडीला कातडी चिकटून राहते म्हणून. नीट उचलून धरणारी ब्रा ती घडी उघडी ठेवते, सैल पट्टा ती मिटू देतो. पट्टा अरुंद असण्यापेक्षा रुंद, तीन हुकांचा असेल तर भार पसरतो आणि कमी रुततो. कापड मात्र सुती अस्तराचं बघ, आणि आलटून-पालटून घाल. इतकं करूनही एखादीला उन्हाळ्यात एक पायरी सैल पट्टा बरा वाटला, तर तिने घ्यावा, फक्त अक्षर एक पायरी उतरवावं, म्हणजे कटोरी तेवढीच राहील.

मावशी: आता शेवटचं, आणि याला तुझ्या फळ्यावर उत्तर नाही. हे सगळं घालून बघूनच कळतं म्हणतेस. आपल्या किती दुकानांत ही वस्तू घालून बघू देतात? मुंबई महानगरपालिकेत २०१३ मध्ये अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे दुकानांबाहेर नकोत असा ठराव झाला होता; जिथे प्लास्टिकच्या बाईने ब्रा घातलेली चालत नाही, तिथे हाडामांसाच्या बाईने ‘एकदा घालून बघते’ म्हणायचं? आणि ३० एफएफ मागितली तर दुकानदार मला वेडी समजेल. त्यालाही दोष देऊ नकोस. ३२ ते ४० पाच पट्टे आणि ए ते डी चार अक्षरं, म्हणजे वीस खोकी. तू म्हणतेस तसं २८ ते ४० सात पट्टे आणि ए ते एचएच ही ब्रिटिश बारा अक्षरं, म्हणजे चौऱ्याऐंशी. वर तीन रंग घे. दादरच्या आठ फुटी गाळ्यात अडीचशे खोकी कुठे ठेवायची, आणि त्यांतली वर्षानुवर्षं न खपणारी कुणाच्या पैशावर?

इथे मावशीचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. चार खण टिकून आहेत त्यामागे बेसावधपणा कमी आणि हाच हिशेब जास्त आहे. पण हिशेब हलत नाही असं नाही. ब्रिटनमध्ये १९९५ साली ब्राविसिमो ही कंपनी निघाली ती फक्त डी आणि त्यापुढच्या मापांसाठी, आणि ती चालली. तिथल्याच मार्क्स अँड स्पेन्सरने डीडी आणि पुढच्या ब्रांवर दोन पौंडांपर्यंत जादा किंमत लावली होती, कापड आणि कारागिरी जास्त लागते म्हणून. कारण खोटं नव्हतं. तरी बायकांनी ‘बस्ट्स फॉर जस्टिस’ नावाने मोहीम उभी केली आणि २००९ च्या मे महिन्यात कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन ती जादा किंमत मागे घेतली. मागणी दिसली की माल येतो. आपल्याकडे झिवामेसारख्या कंपन्या २०११ पासून ऑनलाइन विकू लागल्या, तेव्हा गोदामाला गाळ्याची मर्यादा राहिली नाही आणि काउंटरवरचा संकोचही टळला. डीच्या पुढची अक्षरं मागण्याची वाट तरी उघडली. ज्या बाईला मोबाइलवरून मागवणं, परत पाठवणं जमत नाही, तिचं काय, हा प्रश्न मात्र मावशीने न विचारताही उरतोच.

भाची: तिच्यासाठी फळ्यावरच उत्तर आहे, मावशी. ३० एफएफ नाही मिळत ना? मग तेवढ्याच कटोरीचं ‘बहिणीचं माप’ मागायचं. ३२ एफ, तेही नसेल तर ३४ ई. एवढं लक्षात ठेवायचं की कटोरी शिंप्याला मोठी करता येत नाही, पट्टा लहान करता येतो. म्हणून निवड कटोरीवरून करायची. पाठीकडची हुकांची पट्टी उसवून पट्ट्याचा तुकडा कापायचा आणि पट्टी पुन्हा जोडायची, ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईचं थोड्या वेळाचं काम आहे.

मावशी: म्हणजे ३४ ई घ्यायची, दोन इंच कापायचे, झाली ३२ एफ. कटोरी तीच. पण तुझ्या बाईच्या बरगड्या तर तीस आहेत. अजून दोन इंच का नाही कापायचे?

भाची: कारण फार कापलं तर पट्टा कटोऱ्यांना मागे खेचू लागतो, वायर फाकते आणि खांद्याचे बंद पाठीवर एकमेकांच्या फार जवळ येतात. साधारण दोन इंचांवर थांबायचं. उरलेलं हुकांवर भागवायचं. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर घालायची असं मी म्हटलं होतं. ही पहिल्या दिवसापासून सगळ्यात आतल्या हुकावर लावायची. ती लवकर ढिली होईल, तेव्हा आणखी अर्धा इंच. अशा दोन घ्यायच्या, एक धुण्यात असली तरी दुसरी असते. आणि ३४ ईसुद्धा मिळाली नाही, तर ३६ डीडी घ्यायची नाही, कारण तिथून सहा इंच कमी करायचे आहेत.

मावशी: आणि कटोरी तीच असूनही.

भाची: कटोरी तीच असूनही.